आधी कसा होता?

आमच्या दादाचं पोट दुखतंय, त्याला भूक लागलीय की तो कुणावर रुसलाय, हे आईला त्याच्या जिना उतरण्यावरून कळायचं. पोट दुखत असेल तर तो कठडा दोन्ही हातांनी धरायचा. रुसला असेल तर प्रत्येक पायरीवर चप्पल आपटायचा. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. पालकांच्या शिबिरांना ती कधीमधी जायची आणि घरी आल्यावर म्हणायची, "ते सांगतात ते सगळं खरं असेल गं, पण ते दादाला ओळखत नाहीत."

मतिमंदत्व आणि मानसिक आजार एकाच माणसाच्या वाट्याला आले की तपासणीचं सगळ्यात भरवशाचं साधन असं कुणाच्या तरी आईच्या डोक्यात असतं, अशी माझी आता खात्री झाली आहे. अडचण एवढीच की ते तिथंच राहतं. आई म्हातारी होते, आई जाते, आणि मग त्या माणसाचं 'नेहमीचं' काय होतं हे सांगणारं कुणी उरत नाही.

दादा १९७६ सालचा. डाउन सिंड्रोम. एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन. लेजून या फ्रेंच डॉक्टरनं ते १९५९ मध्येच दाखवून दिलं होतं, पण सांगलीत बाबांना गुणसूत्रांबद्दल कुणी काही बोललं नाही. "मतिमंद आहे, आणि फार आयुष्य नसतं या मुलांना," एवढंच सांगितलं गेलं. सांगणाऱ्याला दोष देता येत नाही. अमेरिकेतसुद्धा १९८३ साली डाउन सिंड्रोम असलेल्यांपैकी निम्म्यांचा मृत्यू वयाच्या २५ वर्षांच्या आत होत होता. १९९७ पर्यंत हाच आकडा ४९ वर गेला. म्हणजे दादा वाढत होता त्याच वर्षांत त्याच्यासारख्यांचं आयुष्य जवळपास दुप्पट होत होतं. घरात मात्र त्याच्या शाळेचा विचार झाला, नंतर कार्यशाळेचा झाला, आणि चाळिशीतल्या दादाचा कुणाच्या मनातही आला नाही. त्याचं मन आजारी पडू शकतं हे तर नाहीच नाही. "तुमचा मुलगा सुखी आहे बघा, ना कर्जाची काळजी ना बदलीची," असं बाबांचे ऑफिसातले मित्र म्हणायचे. चेष्टेत नाही, मनापासून म्हणायचे.

त्याचा दिवस ठरलेला होता. सकाळी दुधाची पिशवी आणायची. अंघोळ. आकाशवाणी सांगली. रिक्षानं कार्यशाळा, तिथं कागदी पिशव्या. तो तळ चिकटवायचा, नाडी घालायचं काम दुसऱ्याचं. ते आपल्याला दिलं तर त्याला अपमान वाटायचा. संध्याकाळी आईबरोबर गणपतीच्या देवळात. आणि परत आल्यावर गावभागातल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर बसून स्वतःशी बोलणं. दिवसभरात जे घडलं ते तो आवाज काढून परत सांगायचा. कार्यशाळेतल्या बाईंचा आवाज, रिक्षावाल्या काकांचा आवाज, मध्येच स्वतःचा. कुणी ऐकत असो नसो. आई त्याला 'दादाच्या बातम्या' म्हणायची. स्वयंपाकघरातून विचारायची, "लागल्या का बातम्या?" डाउन सिंड्रोम असलेल्या पुष्कळ मोठ्या माणसांना अशी सवय असते, दिवस लावून ठेवायची ही त्यांची रीत असते, हे मला फार नंतर वाचायला मिळालं. आईला तिच्यात कधी काही विशेष वाटलं नव्हतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर बघितलेली माणसं "एवढं येत नाही ओ" म्हणत घरात थांबली, त्यात आईही होती. पाणी ओसरीवर आलं, मग जिन्याच्या पायऱ्यांवर. दादानं आणि तिनं माळ्यावर एक रात्र काढली. सकाळी बोटीतून त्यांना बाहेर काढलं आणि विश्रामबागला माझ्या घरी आणलं. दादा बोटीत रडला नाही, ओरडला नाही. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. "त्याला काय कळतंय, त्याला बोटीची मजा वाटली असेल," असंही कुणी म्हणालं.

पाणी उतरल्यावर घर धुऊन काढायला, वाळवायला वेळ लागला. कार्यशाळाही बंद होती, तिथला कागद सगळा भिजून गेलेला. दादा आणि आई गावभागात परत गेले आणि त्यानंतर हळूहळू एकेक गोष्ट सुटत गेली. दूध आणायला जाईना. जेवणाचं ताट बाजूला सारायला लागला. रात्री चपला घालून पलंगावर बसून राहायचा, काढू द्यायचा नाही. अंघोळीला न्यायला लागलं की दाराची चौकट धरून ठेवायचा. एकदा आईला ढकललं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. नाव, गाव काही सांगत नाही. बाहेर इतके पेशंट बसले होते की प्रत्येकाला पाच मिनिटं मिळाली तरी खूप, आणि त्या पाच मिनिटांत कुणीही तेच केलं असतं असं वाटतं. डॉक्टरांनी आईला विचारलं, "एकटाच बोलतो का?" आई सरळ बाई. म्हणाली, "हो, बोलतो की, रोज संध्याकाळी." ते कागदावर गेलं. मग तिनं झोपेचं सांगितलं, अंघोळीचं सांगितलं, अंथरुणाचं सांगितलं. त्यावर उत्तर आलं, "हे असतंच यांच्यात. शिवाय यांना म्हातारपण लवकर येतं." हेही खोटं नव्हे. डाउन सिंड्रोममध्ये विस्मरणाचा आजार इतरांच्या मानानं बराच लवकर, बऱ्याचदा पन्नाशीच्या आसपास, सुरू होतो; ज्या गुणसूत्राची जादा प्रत असते त्याच्यावरच अल्झायमरशी संबंध असलेलं एक जनुक बसलेलं आहे. पण या सगळ्यातून झालं काय, तर जन्माची सवय आजार ठरली आणि महिन्याभराचा आजार जन्माचा ठरला. स्वतःशी बोलण्यावर रिस्पेरिडोनची, म्हणजे भास-संशयावर देतात ती, गोळी मिळाली. न झोपण्यावर, न जेवण्यावर काहीच नाही, कारण ते त्याच्या मतिमंदत्वात जमा झालं होतं.

गोळीचा गुण लगेच आला. दादा ढकलायचा थांबला. बाकीचंही सगळं थांबलं. हात अवघडल्यासारखे, चाल ताठ, तोंडातून लाळ, दुपारीसुद्धा झोप. येणारेजाणारे म्हणायचे, "शांत झालाय ना आता?" शांत होता, हे खरंच.

अशा माणसांच्या रागावर ही औषधं किती कामाची, याची नीट तपासणी करणारा एक अभ्यास झाला आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००८ साली तो आला. बौद्धिक अक्षमता असलेली आणि आक्रमक होणारी ८६ माणसं घेतली होती. काहींना रिस्पेरिडोन, काहींना हॅलोपेरिडॉल हे त्याच जातीचं औषध, काहींना नुसती औषध नसलेली गोळी. राग तिन्ही गटांत कमी झाला, आणि औषध नसलेल्या गोळीवर सगळ्यात जास्त. याचा अर्थ ही औषधं वाईट असा नाही; ज्याला खरोखर भास होतात, संशय येतो, त्याला त्यांच्याशिवाय दुसरं काय देणार? पण राग हा काही आजार नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं २०१५ मध्ये हिशेब मांडला, तर तिथं कुठल्याही एका दिवशी ३० ते ३५ हजार प्रौढ बौद्धिक दिव्यांग माणसं योग्य कारणाशिवाय मनाच्या आजाराची औषधं घेत होती. पुढच्याच वर्षी ती कमी करण्याची मोहीम तिथं सुरू झाली. आपल्याकडचा असा हिशेब माझ्या वाचनात आलेला नाही.

नातेवाईकांचे सल्ले ते ठरलेले. आत्या म्हणाली, गाणगापूरला नेऊन आणा, त्याला पुरात काहीतरी बाधलंय. दत्ताशी माझं भांडण नाही. आम्ही सगळे नरसोबाच्या वाडीला लहानपणापासून जातो, आणि तिथं तर कृष्णेचं पाणी देवळात शिरलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक आनंदानं स्नान करतात. पण आत्याचं अर्धं बरोबर होतं आणि ते आम्हा शिकलेल्यांच्या लक्षात आलं नव्हतं: बाधलं होतं ते पुरातच. एका चुलत्यांनी रत्नागिरीचं नाव काढलं. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही आपली जुनी चार मनोरुग्णालयं. आमच्या भागात 'रत्नागिरीला ठेवा' या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. आईनं त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.

दिवाळीनंतर कार्यशाळेतल्या बाईंनी मिरजेच्या एका मॅडमचं नाव सुचवलं. सायकियाट्रिस्टच, पण विशेष मुलांच्या शाळांमध्ये बऱ्याच वर्षांपासून जाणाऱ्या. त्यांनी दादाकडे बघून आधी त्याच्याशीच ओळख करून घेतली, तो काहीच बोलला नाही तरी. मग आईकडे वळून म्हणाल्या, "आता कसा आहे ते मला दिसतंय. आधी कसा होता ते सांगा. पुराच्या आधीचा एक साधा दिवस सांगा, उठल्यापासून."

आई इतकं बोलली की मीच घड्याळाकडे बघायला लागले. दुधाची पिशवी, नाडी घालण्याचा अपमान, देवळात प्रदक्षिणा घालताना कोणत्या खांबाला हात लावतो, भडंग खाताना शेंगदाणे वेगळे काढून शेवटी खातो. मॅडम लिहून घेत होत्या. बातम्यांचं आलं तेव्हा त्यांनी पेन थांबवलं. "आणि आता? अजून सांगतो बातम्या?" आई गप्प झाली. मग म्हणाली, "नाही हो. घरी परतलो त्या दिवसापासून नाही." ज्या गोष्टीवर गोळी चालू होती ती गोष्ट गोळीच्या आधीच बंद पडली होती, आणि ती बंद पडणं हेच आजाराचं लक्षण होतं.

औषधाचं पुढचं बोलण्याआधी त्यांनी शरीराची यादी काढली. थायरॉइड, कारण डाउन सिंड्रोममध्ये तो कमी पडण्याचं प्रमाण बरंच असतं आणि कमी पडला की माणूस मंदावतो, उदास दिसतो. कान. डोळे, मोतीबिंदूसाठी. दात. पोट साफ होतं का. रात्री घोरतो का, श्वास मध्येच अडकतो का. ज्याला "माझी दाढ ठणकते" असं सांगता येत नाही तो ताट ढकलतो, आणि ताट ढकललं की आपण मनाच्या डॉक्टरकडे धावतो. दादाचा थायरॉइड खरोखरच बिघडलेला निघाला. दोन्ही कानांत मळाचे खडे होते. ते काढल्यावर त्यानं रेडिओचा आवाज स्वतः उठून कमी केला, तेव्हा आई हसली, फार दिवसांनी.

हे सगळं करूनही जे उरलं ते नैराश्य होतं, आणि पुराचा धसका. आमच्यासारख्यांना नैराश्य आलं तर आपण सांगतो, मन लागत नाही, जगावंसं वाटत नाही. दादाकडे ही वाक्यं नाहीत. त्याचं नैराश्य येतं ते शिकलेल्या गोष्टी सुटण्यातून, अंथरूण ओलं होण्यातून, चिडण्यातून. ग्लासगोमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या १,०२३ प्रौढांची तपासणी झाली, २००७ साली ती प्रसिद्ध झाली. या माणसांना ओळखणाऱ्या डॉक्टरांनी जवळून बघून ठरवलं तर ४०.९ टक्क्यांना त्या वेळी काही ना काही मानसिक त्रास होता. त्याच माणसांना अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या पुस्तकातले सर्वसाधारण निकष लावले तर तो आकडा १५.७ टक्क्यांवर आला. माणसं तीच. वर्तणुकीच्या अडचणी कुठं मोजायच्या हा त्यातला मोठा मुद्दा होता, पण तेवढ्यानं सगळं भागत नाही. ज्या निकषात 'रुग्ण म्हणतो की' असं गृहीत धरलेलं असतं, त्यात न बोलणारा माणूस कसा बसणार?

रिस्पेरिडोन एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं बंद झालं. नैराश्याचं औषध अगदी लहान मात्रेनं सुरू झालं. पण खरी मेहनत औषधाच्या बाहेरची होती. अंघोळीचंच सांगते. आम्ही समजत होतो त्याला पाण्याची भीती बसली. मॅडमनी विचारलं, पाणी पितो का, हात धुतो का? दोन्ही करत होता. मग आईनंच दोन-चार दिवस लक्ष ठेवून शोधून काढलं की त्याला सोसत नाही तो बादली भरण्याचा आवाज, भांड्यात पाणी चढत जाण्याचा. माळ्यावरच्या त्या रात्री खाली तेच ऐकू येत असणार. मग ती पहाटेच, तो उठायच्या आधी, बादली भरून ठेवायला लागली. अंघोळ पुन्हा सुरू झाली. हा उपाय कुठल्या पुस्तकात असणं शक्य नाही. रात्रीच्या चपला मात्र मॅडमनी राहू द्या म्हणून सांगितलं. निघायची तयारी ठेवून झोपतोय, झोपतोय ना? आपोआप सुटतील. सुटल्या.

बातम्या परत यायला पुढचा उन्हाळा उजाडला. लॉकडाउनमुळे कार्यशाळा पुन्हा बंद होती, त्यामुळे त्याच त्याच जुन्या बातम्या होत्या.

याच काळात मी कायदे वाचायला लागले, कारण कागद करायचे होते. इंग्रजांच्या १९१२ च्या कायद्यानं वेडा आणि जन्मतः बुद्धी कमी असलेला, दोघांनाही एकाच व्याख्येत घातलं होतं आणि दोघांनाही एकाच कोठडीत. ते तोडायला पालकांना आणि डॉक्टरांना फार वर्षं लागली. १९८७ च्या कायद्यानं मानसिक आजाराच्या व्याख्येतून मतिमंदत्व बाहेर काढलं, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं ते बाहेरच ठेवलं. योग्यच केलं. मतिमंदत्व हा आजार नाही, त्यावर गोळी नाही, आणि त्यासाठी कुणाला मनोरुग्णालयात डांबायचं कारण नाही. मुलाला 'वेडा' म्हणू नका, हे सांगण्यात आमच्या आईबाबांच्या पिढीचा जन्म गेला. पण सांगता सांगता दोन वेगळी खाती झाली, दोन वेगळ्या खिडक्या झाल्या. विशेष शाळा, कार्यशाळा, सवलती एका मंत्रालयाकडे. मनाचे डॉक्टर आणि औषधं आरोग्य खात्याकडे. ज्या घरांनी आयुष्यभर 'आमचा मुलगा मानसिक रुग्ण नाही' असं ठासून सांगितलं, त्यांच्या तोंडून 'आमचा मुलगा मतिमंद आहे आणि आता मानसिक आजारीही आहे' हे वाक्य सहजी निघत नाही. आई मिरजेला जाताना शेजारी "कानाच्या डॉक्टरकडे चाललोय" असं सांगायची. कानाचंही होतंच म्हणा.

कायदा दोन्ही असलेल्या माणसाला उपचार नाकारत नाही. नाकारतं ते टेबल. एका कार्यालयात मला सांगण्यात आलं, "सर्टिफिकेट मतिमंदचं आहे ना, मग मानसिक आजाराचं इथं कशाला आणलंत?" दुसऱ्या ठिकाणी नेमकं उलट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सातावरून एकवीस प्रकार केले, त्यात बौद्धिक अक्षमता वेगळी, मानसिक आजार वेगळा, आणि एकापेक्षा जास्त असतील तर बहुविकलांगत्व अशी सोय आहे. दादाच्या कार्डावर अजूनही एकच प्रकार आहे, ७५ टक्के. तो आकडा आला तो लहानपणी केलेल्या बुद्ध्यांक चाचणीच्या वर्गवारीतून. धारवाडच्या कामतांनी बिनेची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, नागपूरच्या मालिन यांनी रोजच्या व्यवहारातली समज मोजायची पट्टी आपल्याकडे आणली. अजूनही त्यांच्यावाचून चालत नाही. दादाला काय येत नाही हे त्या चाचण्या बरोबर सांगतात. तो उदास आहे का, हे त्यांनी सांगावं अशी अपेक्षाच नाही.

पालकांसाठी एक व्यवहाराचं सांगून टाकते. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगत्व असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. त्याच न्यासाचा 'निरामय' हा एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा आहे. मानसिक उपचारांसाठी मात्र २०१७ च्या कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी ही वेगळी तरतूद आहे. म्हणजे एकाच माणसासाठी एकाच बहिणीची दोन कायद्यांखाली दोन नावं. दोन्ही कागद आई धडधाकट असतानाच करून घ्या. आम्ही केले.

मॅडमनी आणखी एक काम लावलं. "आईंना माहीत आहे ते सगळं लिहून काढा. त्या सांगतील, तुम्ही लिहा." आईला ते हास्यास्पद वाटलं. "असल्या गोष्टी काय लिहायच्या?" पण रविवारी दुपारी लसूण सोलता सोलता ती सांगायची. ती वही माझ्यासमोर आहे. त्यात औषधांची नावं एका पानावर संपतात. बाकी सगळं असलं आहे: तूप जास्त झालं तर पोळीची घडी घालून ताटाखाली ठेवतो, सांगत नाही. नवीन शर्ट आधी उशाशी ठेवायचा, मग दोन दिवसांनी घालायचा. दुखलं तर दुखतंय ती जागा दाखवत नाही, दुसऱ्याची तीच जागा दाबतो. (हे वाचल्यावर मला आठवलं, एका उन्हाळ्यात तो सारखा माझं कोपर दाबायचा.) ताप आला की जास्त हसतो. अमावास्येचा आणि त्याचा काही संबंध नाही, आत्या काही का म्हणेना. डॉक्टरांनी 'दुखतंय का' विचारलं तर कायम हो म्हणतो, कारण हो म्हटलं की लोक खूश होतात. म्हणून 'हात दुखतोय की पाय' असं विचारायचं, आणि मग उलटं, 'पाय की हात'. दोन्ही वेळा शेवटचंच उत्तर आलं तर ते धरायचं नाही.

ही शेवटची गोष्ट मानसशास्त्रज्ञांना मोठ्या अभ्यासानं ठाऊक झालेली आहे. आईनं ती कांजिण्यांच्या वेळी शोधली होती, दादा सात वर्षांचा असताना.

आई २०२१ च्या थंडीत गेली. दादाला नेऊ नका, त्याला काय कळणार, घाबरेल, असं म्हणणारे बरेच होते. आम्ही नेलं. त्यानं तिच्या पायांना हात लावला, गार आहेत म्हणाला, अमरधामला सगळ्यांबरोबर उभा राहिला. त्याआधी कुणीतरी त्याला प्रेमानं सांगितलं होतं की आई देवाघरी गेली. संध्याकाळी तो देवघरासमोर बसलेला सापडला, गणपतीमागे हात घालून बघत होता. तेव्हा मी त्याला सांगितलं, "आई मेली, दादा. तिचं अंग जाळलं. ती परत येणार नाही. आपण दोघं तिच्याशिवाय राहायचं." मामीला ते फार कठोर वाटलं. दादानं मला दोनदा तेच वाक्य परत म्हणायला लावलं आणि मग रडला.

त्यानंतर तो जेवणावरून उठायला लागला, दुपारी आईच्या पलंगावर जाऊन झोपायला लागला. पुन्हा तेच सुरू झालं की काय? वहीनं मला धीर दिला असं म्हणणार नाही, पण निदान मोजायला काहीतरी हातात होतं. बातम्या चालू होत्या. त्यात आता आईचा आवाज यायचा, "लागल्या का बातम्या?" असा, आणि मग तोच उत्तर द्यायचा. चपला पलंगाखाली होत्या. अंथरूण कोरडं होतं. मॅडम म्हणाल्या, हे दुःख आहे, याला औषध वाढवायचं नाही. आई गेल्यावर तुम्ही जेवत होतात का व्यवस्थित? फोटो भिंतीवर लावताना त्याला मदतीला घ्या, महिन्याच्या तिथीला त्याच्या हातून काहीतरी करा, आणि थांबा. आम्ही थांबलो. वर्षश्राद्धापर्यंत तो बऱ्यापैकी सावरला. माझ्यापेक्षा लवकरच, खरं तर.

आता दादा माझ्याकडे विश्रामबागला असतो. कार्यशाळा तीच आहे, फक्त रिक्षाचे काका बदलले. वय वाढतंय, विस्मरणाची धास्ती आहेच. त्यासाठी मॅडम दर वर्षी काही ठरलेल्या गोष्टी त्याच्याकडून करून घेतात आणि मागच्या वर्षीच्याशी ताडून बघतात. त्याची तुलना फक्त त्याच्याशी. नैराश्याची गोळी अजून आहे, ती कमी करून बघावी का यावरून त्यांचं आणि माझं एकमत होत नाही. त्यांना वाटतं हरकत नाही, मला पावसाळा जाऊ द्यावासा वाटतो.

पण हे सगळं लक्षणं-लक्षणं शिकल्यावर एक वेगळाच प्रकार सुरू होतो, त्याबद्दल कुणी सावध करत नाही. घरात सगळे पहारेकरी होतात. दादानं भाजी नको म्हटलं की माझी मुलगी माझ्याकडे बघते. तो रात्री उशिरा झोपला की नवरा सकाळी हळूच विचारतो, "वहीत टाकलंस का?" ज्याच्या आजाराला आधी कुणी आजार मानलं नाही, त्याच्या साध्या वैतागालाही मग कुणी वैताग मानत नाही. आपल्यापैकी कुणाच्या कपाळावरच्या आठ्या इतक्या बारकाईनं कुणी मोजल्या तर आपण किती दिवस सहन करू?

गेल्या महिन्यात कार्यशाळेतून फोन आला. दादानं चिकटवायची खळ सांडली होती, मुद्दाम. दोन दिवस कुणाशी बोलत नव्हता, डबा न खाता परत आणत होता. बाई काळजीत होत्या. मॅडमची वेळ घेऊ का, गोळी चुकली का, मागच्यासारखं काही होतंय का? मी विचारलं, दोन दिवसांपूर्वी काय बदललं तिथं? काहीच नाही म्हणाल्या. मग आठवून म्हणाल्या, एक नवीन मुलगा आलाय, त्याला खिडकीजवळ बसवलंय.

खिडकीजवळची खुर्ची दादाची होती. त्याचा तळ तिथं सगळ्यात नीट चिकटतो, उजेड असतो. त्याला कुणी विचारलं नव्हतं, उठवलं होतं.

खुर्ची त्याला परत मिळाली, नवीन मुलाला दुसऱ्या खिडकीशी बसवलं. डबा त्याच दिवशी रिकामा आला. बाईंशी मात्र तो अजून बोलत नाही. बातम्यांमध्ये त्यांचा आवाज काढतो तेव्हा तो जरा जास्तच चिरका असतो.